परदेश प्रवासातील हौशी ड्रोन उड्डाण

परदेश प्रवासातील हौशी ड्रोन उड्डाण : केवळ छंद म्हणून ड्रोन उडवणाऱ्याने तो परदेशी नेणे, तिथे उडवणे आणि मायदेशी परत आणणे. या तीन टप्प्यांवर निरनिराळ्या खात्यांचे कायदे लागू होतात. पहिल्या आणि शेवटच्या टप्प्यावर सीमाशुल्क खाते व विमान कंपनी, तर मधल्या टप्प्यावर यजमान देशाचे हवाई वाहतूक प्राधिकरण. हौशी मंडळी सगळा अभ्यास मधल्या टप्प्याचा करतात आणि बहुधा पहिल्या किंवा तिसऱ्या टप्प्यावर अडकतात. ही नोंद ग्वाल्हेरहून निघणाऱ्या मराठी प्रवाशाला धरून लिहिली आहे.

विषयाचे मूळ 1944 च्या शिकागो करारात आहे. प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण सार्वभौमत्व आहे, असे त्याचे पहिले कलम सांगते. आठवे कलम थेट वैमानिकरहित विमानांविषयी आहे : अशा विमानाने दुसऱ्या देशाच्या हद्दीत त्या देशाच्या खास परवानगीशिवाय उडू नये. हे कलम लिहिले गेले तेव्हा पाठपिशवीत मावणारे यंत्र कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हते, पण आजही तत्त्व तेच आहे. मोटार चालवायची तर आरटीओमधून आंतरराष्ट्रीय परवाना काढून अनेक देशांत गाडी हाकता येते. ड्रोनसाठी असा सर्वमान्य परवाना नाही. भारतात मिळालेला नोंदणी क्रमांक किंवा चालक प्रमाणपत्र सीमा ओलांडली की फार तर हौसेचा पुरावा उरतो.

भारतातील नियम व ग्वाल्हेर : देशात 7 ऑक्टोबर 2014 च्या जाहीर सूचनेने नागरी ड्रोन उड्डाण जवळजवळ थांबले होते. 1 डिसेंबर 2018 पासून परवानगीची पहिली चौकट लागू झाली आणि 25 ऑगस्ट 2021 रोजी सुटसुटीत ‘ड्रोन नियम, 2021’ आले. ते आले तेव्हा नागरी विमान वाहतूक मंत्री होते ग्वाल्हेरच्या राजघराण्यातले ज्योतिरादित्य शिंदे. त्याच वर्षी डिसेंबरात शहरातल्या माधव तंत्रज्ञान संस्थेत ड्रोन मेळा भरला आणि मार्च 2022 मध्ये तिथेच मध्य प्रदेशातली पहिली ड्रोन शाळा उघडली. शहरात ड्रोनविषयीचे कुतूहल वाढले ते त्या सुमारास.

नियमांनुसार 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’, त्यापुढे 2 किलोपर्यंतचा ‘मायक्रो’. नॅनोसाठी, तसेच व्यवसायाखेरीज वापरल्या जाणाऱ्या मायक्रोसाठी चालक प्रमाणपत्र लागत नाही. आकाश हिरव्या, पिवळ्या व लाल विभागांत वाटलेले आहे. हिरव्यात 400 फुटांपर्यंत (सुमारे 120 मीटर) मुभा असते. विमानतळाच्या कुंपणापासून 8 किलोमीटरपर्यंतचा भाग जमिनीपासूनच पिवळा, म्हणजे परवानगीचा. 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंतच मोकळीक. ग्वाल्हेरकराला हे गणित आधी सोडवावे लागते, कारण महाराजपुऱ्याचा विमानतळ हा वायुदलाचा तळ आहे (फेब्रुवारी 2019 मध्ये बालाकोटकडे निघालेली मिराज विमाने इथूनच उडाली) आणि शहराचा बराच भाग त्याच्या 12 किलोमीटरच्या आत येतो. गडावरून सूर्यास्त टिपण्याचा मोह प्रत्येकाला होतो, पण तिथे पुरातत्त्व खात्याची परवानगी हा आणखी एक अडसर. लष्करात, म्हणजे दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वसलेल्या जुन्या पेठेत, गच्चीवरून ड्रोन सोडणाऱ्याला शेजारच्या काकू हटकतात ते वेगळेच. असा चालक परदेशी जातो तेव्हा ‘आधी नकाशा, मग उड्डाण’ ही सवय त्याच्या अंगी आलेली असते. शिदोरी म्हणून ती चांगलीच.

वजनाचा भ्रम : बाजारातले कित्येक छोटे कॅमेरा ड्रोन मुद्दाम 249 ग्रॅमचे बनवलेले असतात. त्यावरून ‘अडीचशेच्या आत असेल तर जगभर मोकळे रान’ अशी समजूत पसरली आहे. ती चुकीची आहे. जपानमध्ये 20 जून 2022 पासून 100 ग्रॅम व त्याहून जड प्रत्येक ड्रोनची नोंदणी सक्तीची आहे. ब्रिटनने 1 जानेवारी 2026 पासून चालकाच्या परीक्षेची मर्यादा 100 ग्रॅमवर आणली. थायलंडमध्ये तर वजनाआधी कॅमेरा पाहतात : कॅमेरा असेल तर हवाई प्राधिकरणाकडे नोंदणी, दूरसंचार आयोगाकडे वेगळी नोंदणी आणि 10 लाख बाथ इतक्या रकमेचा दायित्व विमा (आपल्या ड्रोनने दुसऱ्याचे नुकसान झाल्यास भरपाई देणारा). शिवाय 249 हा आकडा कारखान्यातून निघालेल्या यंत्राचा. पंख्यांभोवती रक्षक जाळी बसवली किंवा मोठी बॅटरी घातली, की काटा पुढे सरकतो आणि यंत्र दुसऱ्या वर्गात जाते. निघण्यापूर्वी घरच्या स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर सगळ्या साजासकट वजन करून पाहावे.

युरोपीय संघ : ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून शिकायला, नोकरीला जर्मनीत गेलेल्या मुलांकडे आईवडील उन्हाळ्यात जातात, तेव्हा हा भाग उपयोगी पडतो. संघाचे सामाईक नियम 31 डिसेंबर 2020 पासून लागू आहेत. त्यांतली सर्वांत समंजस गोष्ट ही, की हौशी आणि व्यावसायिक असा भेद तिथे मूळ धरत नाही. धोका किती, एवढेच पाहिले जाते. कमी धोक्याच्या ‘खुल्या’ वर्गात ए1, ए2 व ए3 असे तीन उपवर्ग आहेत आणि माणसांपासून किती अंतर राखायचे ते त्यांवरून ठरते. उंचीची मर्यादा 120 मीटर, आणि ड्रोन सतत डोळ्यांना दिसत राहिला पाहिजे. ड्रोनच्या कॅमेऱ्यातले दृश्य डोळ्यांवरच्या गॉगलमधून पाहत उडवणाऱ्याच्या शेजारी नुसत्या डोळ्यांनी लक्ष ठेवणारा सोबती लागतो.

नोंदणी ड्रोनची नसून तो चालवणाऱ्याची होते. ड्रोन 250 ग्रॅमचा किंवा अधिक असेल, अथवा हलका असूनही त्यावर कॅमेरा असेल (खेळणी वगळून), तर ती करावीच लागते. संघाबाहेरच्या पाहुण्याने ज्या देशात पहिले उड्डाण करायचे त्या देशात नोंदणी करावी. मिळालेला क्रमांक ड्रोनवर चिकटवला की तो इतर सदस्य देशांतही चालतो. दोन देशांत दोनदा नोंदणी करता येत नाही. 250 ग्रॅमपासून पुढे ऑनलाइन परीक्षाही द्यावी लागते : 40 प्रश्न, उत्तीर्ण होण्यास 75 टक्के, प्रमाणपत्र 5 वर्षांचे. नियम सामाईक असले तरी उड्डाणबंदीचे नकाशे मात्र प्रत्येक देशाचे स्वतंत्र आहेत. जर्मनीत हलक्या ड्रोनलाही दायित्व विमा हवा, आणि लोकांच्या राहत्या घरांवरून उडवण्यावर निर्बंध आहेत. आपल्याकडे वाड्यावरून पतंग गेला तर पोरे हसतात. तिथे शेजारी पोलिसांना फोन करतो.

अमेरिका : इथे हौशी व व्यावसायिक यांच्यात ठळक रेषा आहे. हौशी चालकाने ‘ट्रस्ट’ नावाची मोफत ऑनलाइन सुरक्षा चाचणी द्यायची. ती वजनावर अवलंबून नाही आणि त्या चाचणीत कुणी नापास होत नाही, चुकलेले उत्तर सुधारून पुढे जाता येते. ड्रोन 250 ग्रॅमहून जड असेल तर 5 डॉलर भरून 3 वर्षांसाठी नोंदणी. अशा ड्रोनने उडताना स्वतःची ओळख व ठिकाण रेडिओवरून प्रसारित करणे बंधनकारक असून मार्च 2024 पासून त्याची कडक अंमलबजावणी सुरू झाली. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे मिळवण्यासाठी केलेले चित्रण हौशी धरले जात नाही. भारतीय पर्यटक ज्यासाठी जातात ती राष्ट्रीय उद्याने जून 2014 पासून ड्रोनला बंद आहेत. त्याच ऑगस्टमध्ये यलोस्टोनच्या ग्रँड प्रिझमॅटिक या रंगीत उष्ण कुंडात एका डच पर्यटकाचा ड्रोन कोसळला. दंड व भरपाई मिळून त्याला 3,000 डॉलरहून अधिक भुर्दंड पडला. राजधानी वॉशिंग्टनभोवतीही 15 मैलांच्या वर्तुळात हौशी उड्डाण चालत नाही.

ड्रोनचे अ‍ॅपच मनाईच्या जागी यंत्र उडू देणार नाही, या भरवशावर अनेकजण असतात. तो भरवसा आता कालबाह्य झाला आहे. डीजेआय या सर्वांत मोठ्या उत्पादकाने आधी युरोपात आणि जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेत हे स्वयंचलित कुंपण काढून त्या जागी नुसती सूचना ठेवली. ड्रोन हवेत उठला, याचा अर्थ परवानगी आहे असा होत नाही.

जिथे नेणेच गुन्हा : काही देशांत प्रश्न उडवण्याचा नसून बाळगण्याचा असतो. इजिप्तमध्ये संरक्षण मंत्रालयाच्या मंजुरीशिवाय ड्रोन आणणे किंवा जवळ ठेवणे 2017 च्या कायद्याने दंडनीय आहे. पिरॅमिड पाहायला निघालेल्याने तो घरीच ठेवावा, यात दुमत नसावे. मोरोक्कोत प्रवाशाचा ड्रोन विमानतळावरच ठेवून घेतात. संयुक्त अरब अमिरातीने अबू धाबीवरील ड्रोन हल्ल्यानंतर जानेवारी 2022 मध्ये हौशी उड्डाण बंद केले. पुढे ही बंदी नोंदणीच्या अटींवर सैल होत गेली. दुबईमार्गे पुढे जाणाऱ्याने केवळ मुक्कामाच्या देशाचे नियम वाचणे पुरेसे नाही.

तात्पुरती बंदी हा प्रकार आणखी फसवा. नियम पाठ असले तरी आदल्या रात्री निघालेला आदेश माहीत नसतो. जुलै 2025 मध्ये कंबोडियाशी सीमेवर संघर्ष पेटताच थायलंडने देशभर ड्रोन थांबवले. जानेवारी 2025 च्या लॉस एंजेलिस वणव्यात बंदी असताना उडवलेला एक छोटा ड्रोन आग विझवणाऱ्या विमानाच्या पंखाला धडकला, पंखाला भोक पडले आणि ते विमान कामातून गेले. उड्डाणाच्या दिवशी सकाळी नकाशा पुन्हा पाहण्याला पर्याय नाही.

बॅटऱ्या : लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते आणि मालकक्षात ती विझवायला कुणी नसते, म्हणून सुट्या बॅटऱ्या नेहमी हातातल्या सामानात. मर्यादा वॉट-अवरमध्ये मोजतात (व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर). 100 पर्यंत सहसा अडचण नाही, 100 ते 160 साठी विमान कंपनीची संमती आणि जास्तीत जास्त दोन सुट्या, त्यापुढे प्रवासी विमानात मनाई. लहान ड्रोनची बॅटरी साधारण 7.7 व्होल्ट व 2250 मिलिअँपिअर-अवरची, म्हणजे जेमतेम 17 वॉट-अवर भरते. टोकांवर चिकटपट्टी लावून प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत ठेवावी. ड्रोन केबिनमध्ये न्यायचा की सामानात टाकायचा, हे मात्र कंपनीगणिक बदलते.

परतीचा टप्पा : केंद्र सरकारने 9 फेब्रुवारी 2022 च्या अधिसूचनेने तयार ड्रोनची आयात बंद केली, सूट आहे ती संशोधन व विकास, संरक्षण आणि सुरक्षा यांपुरती. सुटे भाग आणता येतात, पण भाग म्हणून आख्खा ड्रोन खोलून आणण्याची युक्ती चालत नाही. अधिसूचनेत सुट्या केलेल्या संचाचाही उल्लेख आहे. सीमाशुल्काच्या घोषणापत्रात ड्रोनची नोंद 2016 पासूनच मागितली जाते. म्हणून इथे घेतलेला ड्रोन परदेशी नेणाऱ्याने निघतानाच सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. त्यावर यंत्राचा अनुक्रमांक येतो, आणि परतताना वस्तू मुळात इथलीच असल्याचा तो पुरावा ठरतो. अधिकारी वस्तू प्रत्यक्ष पाहतो, त्यामुळे बॅग कंपनीच्या ताब्यात देण्यापूर्वीच हे काम उरकावे लागते. ग्वाल्हेरकराचा परदेश प्रवास बहुधा दिल्लीहून सुरू होतो. सकाळची गाडी पकडून थेट विमानतळ गाठण्याच्या बेतात या रांगेसाठी तासभर जास्त धरावा, आणि खरेदीची पावती मोबाइलमध्ये न ठेवता कागदावर न्यावी. न्यू जर्सीतल्या भाच्याने मामाला प्रेमाने दिलेला नवा ड्रोन मात्र या प्रमाणपत्राने सुटत नाही. किंमत कितीही कमी असो आणि शुल्क भरण्याची तयारी असो, ती आयातच.