दवाखान्याची लाइट न घालवता: उच्चदाब वीजयंत्रणा बदलण्यामागची पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या एखाद्या जुन्या सरकारी दवाखान्यात उच्चदाब, म्हणजे हजारो व्होल्टची, वीजयंत्रणा बदलायचं ठरलं की सगळ्यात आधी शोध सुरू होतो तो जुन्या वायरमनचा. कुठली केबल कुठल्या वॉर्डात गेली आहे, हे कागदावर सापडत नाही. त्याच्या डोक्यात असतं. ही वेळ का आली, ते समजायला बरंच मागं जावं लागतं.

औरंगाबादचं, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचं, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1956 साली सुरू झालं. त्याच वर्षी मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. त्या रुग्णालयाला आजही सगळे ‘घाटी’च म्हणतात. पुढं 1960 मध्ये राज्य वीज मंडळ आलं, 1971 मध्ये परळीचं औष्णिक वीजकेंद्र सुरू झालं. सत्तरच्या दशकात अंबाजोगाई, 1988 मध्ये नांदेड आणि 2002 मध्ये लातूर इथं वैद्यकीय महाविद्यालयं झाली. सुरुवातीच्या काळात दवाखान्याचा लोड म्हणजे दिवे, पंखे, एक्स-रे आणि उपकरणं वाफेनं निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह. एवढ्याला एखादं रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, पुरायचं.

मग सीटी स्कॅन आलं, एमआरआय आलं, अतिदक्षता विभागांना एसी लागले. यंत्रं आली वेगवेगळ्या निधीतून, वेगवेगळ्या साली. वीज वाटणाऱ्या ज्या पॅनलमध्ये जागा दिसली तिथून केबल ओढायची आणि काम भागवायचं, असंच चालत आलं. भारनियमनाच्या वर्षांत जनरेटर वाढले, प्रत्येकाला लाइनवरून जनरेटरवर नेणारा वेगळा चेंजओव्हर स्विच बसला. 2013 च्या दुष्काळात तर पाण्याअभावी परळीचे संचच बंद ठेवावे लागले. माझ्या मते जुन्या इमारतींतला खरा गुंता या जुगाडातून झाला. त्यात कोणा एकाचा दोष नाही. समोर पेशंट असताना आधी मशीन चालू करावं लागतं, नकाशा मागंच राहतो.

कोरोनानं हे सगळं उघडं पाडलं. टाकीतला द्रवरूप ऑक्सिजन वीज गेली तरी पाइपात येत राहतो. हवेतून ऑक्सिजन काढणारा पीएसए प्लांट मात्र कॉम्प्रेसरवर चालतो, वीज गेली की थांबतो. म्हणजे रुग्णाचा श्वासही त्याच पॅनलवर आला. 2021 च्या जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीत 10 नवजात बालकं गेली, नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या अतिदक्षता विभागात आग लागली. त्यानंतर वायरिंगच्या तपासणीकडं पाहायची नजर बदलली, आणि ती बदलायलाच हवी होती.

दाब, म्हणजे व्होल्टेज, वाढवायचा कशासाठी, याचं गणित साधं आहे. 1,000 केव्हीएचा (केव्हीए हे लोडचं माप) लोड 415 व्होल्टवर घेतला तर सुमारे 1,390 अँपिअर करंट वाहतो. 11 केव्हीवर, म्हणजे 11 हजार व्होल्टवर, 52, 33 केव्हीवर जेमतेम 17. तार तीच असली तर 11 ऐवजी 33 केव्हीवर उष्णतेत जाणारी वीज नवव्या हिश्श्यावर येते. पण इथल्या काळ्या मातीचं वेगळंच दुखणं आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पुरलेल्या केबलच्या जॉइंटला ताण बसतो आणि कोरड्या मातीत अर्थिंगचा, म्हणजे गळकी वीज जमिनीत उतरवणाऱ्या जोडणीचा, रोध वाढतो. म्हणून अर्थिंगच्या मीठ-कोळशाच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी ओतायचं. प्यायला टँकर लागतो त्या गावात हे पाणी आणायचं कुठून, हा प्रश्न मी स्वतः ऐकला आहे.

दवाखाना बंद ठेवता येत नाही, म्हणून नवं उपकेंद्र जुन्याच्या शेजारी उभारतात. शक्यतो दोन फीडर, म्हणजे वीज आणणाऱ्या लाइनी, आणि दोन रोहित्रं घेतात, मधे दोन्ही बाजू जोडणारा स्विच, बस कपलर. दोन्हीकडची वीज एकमेकांत मिसळू नये म्हणून इंटरलॉक. विद्युत निरीक्षकांची परवानगी मिळाली की रोहित्र आधी बिनालोडचं चार्ज करून, म्हणजे पुढं काही न जोडता नुसती वीज सोडून, ठेवतात. मग एकेक विभाग नव्या पॅनलवर हलवायचा. फेजचा, म्हणजे तीन वीजतारांचा, क्रम चुकला तर सक्शनचा पंप उलटा फिरतो, म्हणून प्रत्येक वेळी मीटर लावून बघायचं.

एका जिल्ह्याच्या दवाखान्यात हे काम चालू असताना मी होतो. रविवारची पहाट, नवजात बालकांचा कक्ष. यूपीएस तपासून झालेला, बाहेर भाड्याचा जनरेटर धडधडत होता, पॅनलच्या हँडलपाशी वायरमन मामा. तरीही सिस्टर व्हेंटिलेटरवरच्या बाळाजवळ हातानं दाबून श्वास द्यायची अंबू बॅग घेऊन उभ्या होत्या.

“मामा, हँडल खाली घ्यायच्या आधी मला हाक मारा.”

“सिस्टर, तुम्ही हो म्हणल्याशिवाय मी हातच लावत नाही.”

हँडल पडलं. ट्यूबलाइट विझल्या, मॉनिटर चालूच राहिले. काही सेकंदांत ट्यूबलाइट परत लागल्या. मामांनी पत्र्याच्या बिल्ल्यावर खिळ्यानं कक्षाचं नाव कोरलं, तारेनं केबलला बांधलं आणि पुढच्या पॅनलकडं गेले. सिस्टरांनी अंबू बॅग मात्र अर्ध्या तासानंच खाली ठेवली.