नंबर दिला म्हणजे पोचवलं असं होत नाही

तास संपल्यावर एखादा विद्यार्थी मागे रेंगाळतो. "सर, काहीच जमत नाहीये," म्हणतो. आपण त्याला समुपदेशन केंद्राचा नंबर देतो आणि आपलं काम झालं असं आपल्याला मनापासून वाटतं. प्रत्यक्षात आपण फक्त माहिती दिलेली असते. मदतीपर्यंत पोचवणं अजून बाकीच असतं, आणि प्राध्यापकांकडून या दोन्हींची गल्लत फार सहज होते.

माहिती सगळ्या वर्गासाठी असते. लेखनात मदत कुठे मिळते, गणिताच्या शंका घेऊन कुणाकडे जायचं, अपंगत्व असेल तर परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक कसा मागायचा, समुपदेशक कधी भेटतात, हे पहिल्याच आठवड्यात सांगून टाकावं आणि अभ्यासक्रमाच्या पत्रकातही छापावं. कुणापुढे कधीच तोंड न उघडणारी एखादी मुलगी ते वाचून आपणहून जाते. एरवीही सगळ्यांसमोर सांगितलं की मदत मागण्यातला संकोच थोडा कमी होतो.

पोचवणं मात्र एकेका विद्यार्थ्यासाठी असतं. नैराश्यात साधं काम सुरू करण्याचीही उमेद राहत नाही. अशा वेळी फोन लावायचा, वेळ ठरवायची, अनोळखी माणसाला सगळं पहिल्यापासून सांगायचं, हे ज्याला मदतीची सर्वाधिक गरज आहे त्यालाच सगळ्यांत जड जातं. वयही तसंच असतं. रोनाल्ड केसलर आणि सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतल्या पाहणीनुसार, आयुष्यात कधी ना कधी मानसिक आजार होणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांमध्ये त्याची सुरुवात वयाच्या २४ वर्षांपर्यंत झालेली असते. म्हणजे बऱ्याच जणांचा हा पहिलाच अनुभव. आपल्याला नेमकं काय होतंय हेच त्यांना उमगत नसतं.

सुरुवात विचारण्यापासून होते. "सगळं ठीक आहे ना?" या प्रश्नाला "हो" हेच उत्तर येतं, कारण प्रश्नातच ते आपण घालून ठेवलेलं असतं. त्यापेक्षा जे दिसलं ते सांगावं: "तीन आठवडे तू प्रॅक्टिकलला आला नाहीस, दोन असाइनमेंट राहिल्यात. काय चाललंय?" मग थांबावं. लगेच उपाय सुचवायचा मोह आवरावा, कारण असाइनमेंट न येण्यामागे विषय न कळणं असेल, रात्र रात्र झोप न लागणं असेल किंवा फीसाठी धरलेली रात्रपाळी असेल. पुष्कळदा यातलं एकाहून अधिक असतं.

अभ्यासाची मदत घ्यायला मुलं तुलनेने लवकर तयार होतात, म्हणून तिथून सुरुवात केली तरी बिघडत नाही. पण "लिखाण जरा सुधारून ये" एवढ्यावर पाठवू नये. "हा मसुदा आणि माझे शेरे घेऊन जा, दुसऱ्या भागातला मुद्दा कसा बांधायचा ते विचार," असं सांगितलं की तिथे गेल्यावर काय बोलायचं हा प्रश्न उरत नाही.

समुपदेशनाच्या बाबतीत "आत्ता इथूनच फोन लावू या का? मी बसते शेजारी," हे एक वाक्य फार मोठं काम करतं. किंवा त्याच्या संमतीने समुपदेशकांना दोन ओळींची ईमेल करावी, तीत त्यालाही ठेवावं आणि काय लिहायचं ते त्यालाच विचारावं. हे नीट जमण्यासाठी आपण स्वतः एकदा त्या केंद्रात जाऊन यायला हवं, म्हणजे पहिल्या भेटीत काय होतं हे खात्रीने सांगता येतं.

पोचवणं म्हणजे स्वतः समुपदेशक होणं नव्हे. रोज रात्री मेसेजवर समजूत काढणारा शिक्षक कळकळीनेच ते करत असतो, पण त्यामुळे प्रशिक्षित माणसाची भेट लांबत जाते. "हे आपल्या दोघांतच राहील," असं वचनही देऊ नये. जिवाला धोका असेल तर ते पाळता येत नाही. बोलण्यात आत्महत्येची छाया जाणवली तर सरळ विचारावं: "जीव देण्याचे विचार येतात का?" विचारल्याने तो विचार मनात रुजतो ही भीती संशोधनात खरी ठरलेली नाही. उत्तर "हो" आलं तर त्याला एकटं सोडू नये, तिथूनच तातडीच्या सेवेशी संपर्क करावा.

बाकी वेळी विद्यार्थी नको म्हणाला तर तो त्याचा हक्क आहे. आठवड्याभराने पुन्हा विचारावं. "गेलास का?" एवढंच, "काय बोललास?" हे नाही. समुपदेशन केंद्र गोपनीयता पाळतं, त्यामुळे विद्यार्थ्याच्या संमतीशिवाय तो येऊन गेला की नाही हेसुद्धा ते सहसा आपल्याला सांगणार नाही. ते योग्यच आहे. म्हणूनच त्यालाच विचारायचं, आणि गेला नसेल तर अडलं कुठे ते समजून घ्यायचं: वेळ जुळली नाही, रांग लांब होती, की दारापर्यंत जाऊन परत आला.