स्त्री-पुरोहितांकडून धार्मिक विधी : यजमानांसाठी माहिती

पूजा, वास्तुशांत, लग्न किंवा श्राद्ध ठरवायला येणारी मंडळी, त्यातही घरातील वडीलधारी माणसे, आम्हाला बहुधा पहिला प्रश्न हाच विचारतात की, बाईने सांगितलेला विधी शास्त्राला धरून होतो का? आमच्याकडील सर्व पुरोहित स्त्रिया असल्यामुळे या प्रश्नाचे नीट उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.

विवाहात पाणिग्रहणाच्या वेळी वर वधूचा हात हाती घेऊन ‘गृभ्णामि ते सौभगत्वाय हस्तम्’ हा मंत्र म्हणतो. हा मंत्र ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील 85 व्या सूक्तातला असून त्या सूक्ताची ऋषिका सूर्या सावित्री मानली जाते. लोपामुद्रा, अपाला, घोषा आणि विश्ववारा यांच्या नावावरील मंत्रही त्याच संहितेत आहेत. ज्या मंत्रांची द्रष्ट्रीच स्त्री, ते मंत्र स्त्रीने म्हणू नयेत, हे आम्हाला पटत नाही. हारीत या प्राचीन धर्मशास्त्रकाराच्या वचनात स्त्रियांचे ब्रह्मवादिनी (वेदाध्ययनाला वाहून घेणाऱ्या) आणि सद्योवधू (थेट विवाह करणाऱ्या) असे दोन प्रकार सांगितले आहेत आणि ब्रह्मवादिनींना उपनयन व वेदाध्ययन विहित मानले आहे. याउलट मनुस्मृती विवाह हाच स्त्रीचा वैदिक संस्कार मानते, आणि काळाच्या ओघात मुलींची मुंज बंद पडली. विरोध करणाऱ्यांनाही ग्रंथाधार आहे, हे आम्ही लपवत नाही. मात्र ‘शास्त्रात कोठेच नाही’ हे म्हणणे बरोबर नाही.

घरच्या पूजेत यजमान आहुती देताना पत्नीला ‘हाताला हात लावा’ असे सांगितले जाते, ते उगाच नव्हे. यज्ञातील सहभागावरूनच ‘पत्नी’ हा शब्द सिद्ध होतो, असे पाणिनीचे सूत्र आहे. तरीही पती हयात नसला की त्याच स्त्रीला पाटावरून उठवले जाते, आणि याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते. आम्ही सांगितलेल्या एका लग्नात वधूचे वडील हयात नव्हते आणि कन्यादानाला काका-काकूंनी बसावे असे आधी ठरले होते. मुलीने आईसाठी हट्ट धरला. आमच्या पुरोहितबाईंनी संकल्पात आईचे नाव घेतले, धाकट्या भावाने झारीची धार धरली, आणि ओंजळीतले पाणी काशाच्या भांड्यात पडेपर्यंत त्या माउलीचे हात थरथरत होते. विधी तोच होता, मंत्रही तेच होते. श्राद्धाच्या बाबतीतही पुत्र नसल्यास पत्नीचा अधिकार धर्मशास्त्राने मान्य केलेला आहे, त्यामुळे पत्नी किंवा मुलगी कर्ती असेल तर तसे आम्हाला निःसंकोच सांगावे.

महाराष्ट्राला हे नवे नाही. साकोरीला उपासनी महाराजांच्या कन्याकुमारी स्थानात कन्या पूर्वीपासून यज्ञयाग करीत आल्या आहेत. पुण्यात 1970 च्या दशकात शंकरराव थत्ते यांनी स्त्रियांना पौरोहित्य शिकवण्यास सुरुवात केली, आणि पुढे ज्ञान प्रबोधिनीनेही स्त्रियांना हे शिक्षण दिले. पौरोहित्याला लागते ते संथा घेऊन केलेले पाठांतर, शुद्ध उच्चार आणि प्रयोगाची, म्हणजे विधी कसा करायचा याची, माहिती. आमच्या पुरोहितबाई प्रत्येक मंत्राचा अर्थ मराठीतून सांगतात, म्हणून विधीला थोडा अधिक वेळ लागतो. भोजनाची वेळ ठरवताना तो धरावा.

विधी ठरवताना गोत्र, वेदाची शाखा आणि घराण्याच्या चालीरीती कळवाव्यात. सोयर-सुतक असल्यास किंवा यजमानीणबाईंची पाळी आल्यास काय करायचे हे घराने ठरवावे. आम्ही त्यावर मत लादत नाही, हवा असल्यास दिवस बदलून देतो.

लग्नाच्या कायदेशीर वैधतेबद्दल शंका बाळगू नये. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम 7 नुसार वधू किंवा वर यांपैकी कोणत्याही पक्षाच्या रूढ विधींनी विवाह करता येतो, आणि त्या विधींत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडताच तो पूर्ण होतो. पुरोहित पुरुषच असावा, अशी अट त्यात नाही. विवाह नोंदणीच्या अर्जावर पुरोहिताची सही लागते. ती आमच्या पुरोहितबाई करून देतात, त्यासाठी अर्ज लग्नाच्या दिवशी मांडवातच सोबत ठेवावा.