चाकाला किती घसरू द्यायचं? टेरेन मोडमागचं विज्ञान

चालत्या गाडीचं चाक नुसतं फिरत पुढे जात नाही, ते सतत थोडं घसरतही असतं. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की टायरचं रबर ताणलं जातं आणि चाकाच्या परिघाचा वेग गाडीच्या वेगापेक्षा किंचित जास्त होतो. गाडी ताशी १० किलोमीटरने चालली आहे आणि चाक ११ च्या वेगाने फिरतंय, तर साधारण १० टक्के घसरण होते आहे. कोरड्या डांबरावर टायरची पकड सर्वांत जास्त असते ती याच सुमाराला, १० ते २० टक्क्यांच्या दरम्यान. त्यापुढे चाक गरगरायला लागलं की पकड उतरते.

सैल वाळूत हे गणित उलटं होतं. तिथे गाडी पुढे जाते ती टायरने वाळू मागे रेटल्यामुळे, आणि ती रेटायला घसरण बरीच जास्त लागते. चिखलात तर चाक थोडं गरगरलंच पाहिजे, नाहीतर टायरच्या खाचांत अडकलेला चिखल बाहेर फेकला जात नाही आणि टायर गुळगुळीत गोळा होऊन बसतो. बर्फावर आणि ओल्या गवतावर मात्र घसरण जितकी कमी तितकं बरं. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीतल्या टेरेन मोडचा डायल मुळात हेच ठरवतो: या जमिनीवर चाकाला किती घसरू द्यायचं. डायलमुळे पकड तयार होत नाही. पकड टायर आणि जमीन यांच्यातच असते, मोड फक्त ती वाया जाऊ देत नाही.

यासाठी लागणारी यंत्रणा हळूहळू गाडीत आली. चाकं जाम होऊ न देणारं इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ मध्ये आलं, गाडीचा तोल सांभाळणारी स्टॅबिलिटी कंट्रोल यंत्रणा १९९५ मध्ये. २००४ मध्ये लँड रोव्हरने डिस्कव्हरी ३ मध्ये या सगळ्यांना एका डायलवर आणलं. आज बऱ्याच कंपन्यांच्या गाड्यांत वेगवेगळ्या नावांनी तीच कल्पना दिसते. एक मोड निवडला की एकाच वेळी अ‍ॅक्सिलरेटरचा प्रतिसाद, गिअर बदलण्याची वेळ, गरगरणाऱ्या चाकाला आवरणारा ट्रॅक्शन कंट्रोल किती लवकर मध्ये पडणार, पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारा मधला क्लच किंवा डिफरन्शिअल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जुळणी) किती घट्ट राहणार, एबीएस किती सैल सोडणार हे सगळं बदलतं. एअर सस्पेन्शन असेल तर उंचीही बदलते.

वाळूपासून सुरुवात करू, कारण मोड चुकल्याची शिक्षा तिथे सर्वांत लवकर मिळते. नॉर्मल मोडमध्ये चाक गरगरलं की कॉम्प्युटर इंजिनची ताकद कापतो. डांबरावर हे योग्यच आहे. वाळूत मात्र ताकद कापली की गाडीची गती मरते, आणि गती मेली की गाडी बसते. सँड मोड ही कपात बरीच सैल करतो, गिअर जास्त वेळ धरून ठेवतो आणि अ‍ॅक्सिलरेटर तल्लख करतो. मोड वाळूत शिरण्याआधी लावायचा. अर्ध्यात अडकल्यावर डायल फिरवणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

निघताना अ‍ॅक्सिलरेटर हळुवार, गाडी चालू लागल्यावर एकसारखा. थांबायचं असेल तर ब्रेक दाबू नका, पाय काढा आणि वाळूलाच गाडी थांबवू द्या, कारण ब्रेक लावला की टायरपुढे वाळूचा बांध उभा राहतो आणि पुन्हा निघताना तोच आडवा येतो. थांबताना नाक उताराकडे असावं. गाडी पुढे सरकायची थांबली आणि चाकं फिरतायत असं वाटलं की त्याच क्षणी पाय काढायचा. आणखी दोन सेकंद रेस दिली तर चाकं खड्डा खणतात आणि गाडीचं पोट वाळूवर टेकतं. मग कुठलाच मोड कामाचा नाही, फावडंच लागतं. पोट टेकायच्या आत थांबलात तर आपल्याच चाकोरीवरून रिव्हर्स घेऊन बाहेर येता येतं, कारण ती वाळू आधीच दाबली गेलेली असते.

पण वाळूत मोडपेक्षाही मोठं काम टायरमधली हवा करते. २,००० किलोच्या गाडीत एका चाकावर साधारण ५०० किलो भार येतो. टायरमध्ये ३५ पीएसआय हवा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.५ किलो दाब, तेव्हा तो भार पेलायला जमिनीला टेकलेला भाग साधारण २०० चौरस सेंटिमीटरचा होतो. हवा १५ पीएसआयवर आणली की हाच भाग ४७५ च्या आसपास जातो. टायरच्या भिंतींचा ताठरपणा यात धरलेला नाही, तरी अंदाज यायला पुरे. टेकलेला भाग रुंदीपेक्षा लांबीत जास्त वाढतो, टायर रणगाड्याच्या पट्ट्यासारखा पसरतो. १८ पीएसआयपासून सुरुवात करावी, अडलंच तर १५. त्याखाली गेलात आणि जोरात वळलात तर टायर रिमवरून निसटू शकतो. कमी हवेवर वेग ताशी ३० ते ४० च्या आतच ठेवा. हवा भरायचा कॉम्प्रेसर आणि दाब मोजायचा गेज सोबत नसेल, तर हवा काढूच नका.

दगडांवर प्रश्न वेगळा असतो. तिथे पकड भरपूर असते, पण चारही चाकं एकाच वेळी जमिनीला टेकत नाहीत. साधं डिफरन्शिअल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, देतं, त्यामुळे एक चाक हवेत गेलं की त्याला फिरवायला जेवढा टॉर्क लागतो, म्हणजे जवळपास शून्य, तेवढाच दुसऱ्या चाकाला मिळतो. रॉक मोड हवेत गरगरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतो. मग त्या चाकाला फिरवायला जोर लागतो आणि तेवढाच जोर जमिनीवरच्या चाकालाही पोचतो.

इथे एक चूक फार जण करतात. चाक गरगरलं, खडखड आवाज आला, की घाबरून पाय काढतात. पाय काढला की चाकाचा वेग उतरतो, कॉम्प्युटरला वाटतं घसरण संपली, तो ब्रेक सोडतो आणि गाडी मागे सरकते. तो खडखडाट ब्रेक काम करत असल्याचा आहे. रेस मध्यम ठेवून दोन-तीन सेकंद धीर धरा, गाडी चढते. मात्र हा खेळ बराच वेळ सलग चालला तर ब्रेक तापतात आणि यंत्रणा स्वतःला वाचवायला ट्रॅक्शन कंट्रोल बंद करते. दिवा लागला की थांबून ब्रेक निवू द्यायचे. गाडीत मागच्या अ‍ॅक्सलचं डिफ लॉक असेल तर अशा चढाला ते आधीच लावा. ते दोन्ही चाकं थेट जोडून टाकतं, ब्रेकची उधारी लागत नाही.

दगडांना लो रेंजही हवीच, म्हणजे गाडी हळू पण जास्त जोराने चालवणारी गिअरची जादा पायरी. पहिला गिअर ४, अ‍ॅक्सल ३.७ आणि लो रेंज २.७ असं गुणोत्तर असेल तर एकूण कपात ४० पट होते, म्हणजे इंजिनच्या ४० फेऱ्यांत चाकाची एक फेरी. इंजिन आयडलला ७५० फेऱ्यांवर आणि टायरचा परीघ २.३ मीटर धरला, तर गाडी ताशी २.६ किलोमीटरने सरपटते. हाय रेंजमध्ये हाच वेग ताशी ७ होईल, म्हणजे प्रत्येक दगडावर एकतर क्लच जाळायचा किंवा आपटायचं. लो रेंज लावताना गाडी थांबवून न्यूट्रल करायचं, मग स्विच किंवा लिव्हर. काही गाड्या अगदी मंद चालताना लावायला सांगतात, ते पुस्तिकेत पाहावं. लो रेंजचा दिवा लुकलुकत राहिला तर आतले दात जुळलेले नाहीत. गाडी मीटरभर पुढे सरकू द्या, बहुधा तेवढ्यात बसतात.

चिखलाचं वर आलंच आहे: मड मोड, लो रेंजमध्ये दुसरा किंवा तिसरा गिअर, एकसारखी गती. पुढचं चाक पकड सोडत असेल तर स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं हलवत राहा, टायरच्या कडांना नवी माती सापडते.

बर्फ आणि निसरड्या रस्त्याचा मोड याच्या नेमका उलट वागतो. अ‍ॅक्सिलरेटर मंद होतो, बऱ्याच गाड्या दुसऱ्या गिअरमध्ये निघतात, ट्रॅक्शन कंट्रोल जरा घसरण दिसली तरी धावून येतो. मुसळधार पावसात डांबरावरही हा मोड चालतो. पण तो गाडी सुटायला मदत करतो, थांबायला नाही. थांबताना टू-व्हील-ड्राइव्ह असो वा फोर, चारही चाकांवर ब्रेक असतातच. ताशी ६० च्या वेगाने कोरड्या डांबरावर, घर्षणांक ०.८ धरला, तर ब्रेक लागल्यापासून सुमारे १८ मीटरमध्ये गाडी थांबते. दाबलेल्या बर्फावर घर्षणांक ०.२ असेल तर ७१ मीटर लागतात. फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्या बर्फात रस्ता सोडतात तेव्हा अनेकदा हाच गैरसमज कारण असतो: सुटायला इतकी सोपी, म्हणजे थांबायलाही तशीच असेल.

डांबरावर परत आल्यावर काय करायचं, याकडे लक्ष कमी जातं आणि नुकसान तिथेच होतं. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात. व्हीलबेस २.७ मीटर आणि मागच्या अ‍ॅक्सलची त्रिज्या ६ मीटर असेल, तर पुढच्या अ‍ॅक्सलची त्रिज्या ६.६ मीटरच्या जवळ जाते. एका काटकोनी वळणात पुढची चाकं जवळजवळ ९० सेंटिमीटर जास्त चालतात. मधलं डिफरन्शिअल लॉक असेल, किंवा पार्ट-टाइम गाडीत (जिथे फोर-व्हील-ड्राइव्ह आपण हाताने लावायचा असतो) फोर-हाय, म्हणजे हाय रेंजमध्ये चारही चाकांना ताकद, लावलेलं असेल, तर हा फरक जायला जागाच नसते. वाळूत चाक घसरून तो मोकळा होतो. कोरड्या डांबरावर तो पीळ होऊन प्रोपेलर शाफ्ट आणि पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसमध्ये साठतो. स्टिअरिंग जड होतं, वळताना गाडी उड्या मारल्यासारखी अडखळते, लिव्हर परत टू-हायमध्ये येत नाही. तसं झालं तर जोर लावू नका, सरळ रेषेत थोडं रिव्हर्स घ्या, पीळ उतरतो.

सँड मोड डांबरावर राहिला तर धोका निराळा. स्टॅबिलिटी कंट्रोल सैल सोडलेला असतो आणि अ‍ॅक्सिलरेटर तल्लख, म्हणजे ओल्या वळणावर मागचा भाग सुटायला दोन्ही कारणं हजर. काही गाड्या इंजिन बंद करून चालू केलं की नॉर्मलवर येतात, काही जुनाच मोड लक्षात ठेवतात. आपली कुठली, हे एकदा बंद-चालू करून बघून ठेवावं.

म्हणून डांबराला लागायच्या आधी थांबा. मोड नॉर्मल, लो रेंज आणि डिफ लॉक काढलेलं, टायर कंपनीने सांगितलेल्या दाबावर. ब्रेक डिस्क आणि तिच्या पत्र्यामध्ये खडा अडकला नाही ना ते पाहा. आणि रिमच्या आतली बाजू हाताने चाचपा: तिथे मूठभर चिखल वाळून चिकटला असेल तर चाकाचं बॅलन्सिंग बिघडतं, ताशी ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागतं, आणि लोक नसता सस्पेन्शनचा दोष शोधत बसतात.