वारेची जागा आणि बाळाची जन्मस्थिती

गर्भाशयात वार (प्लॅसेंटा) कुठे चिकटली आहे आणि बाळ जन्माच्या वेळी डोक्याकडून येते की आडवे-उलटे, यांचा संबंध सरसकट नाही. वार समोर आहे की मागे, याने फारसा फरक पडत नाही. ती खाली उतरलेली असेल किंवा वरच्या कोपऱ्यात असेल, तर पडतो.

सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘अँटिरियर’ म्हणजे पोटाकडची भिंत, ‘पोस्टिरियर’ म्हणजे पाठीकडची, ‘फंडल’ म्हणजे गर्भाशयाचा माथा. शेजारचा ‘ग्रेड’ बहुधा वारेच्या पक्वतेचा असतो, जागेचा नव्हे. वार उजवीकडे की डावीकडे यावरून मुलगा-मुलगी ओळखतात ती निव्वळ थाप.

वार समोर असली की हालचाल उशिरा कळते; पहिलटकरणीला 20 आठवडे उलटून गेल्यावरही. उपकेंद्रात डॉप्लर (ठोके ऐकायचे यंत्र) पोटाच्या मधोमध ठेवला तर बाळाच्या ठोक्यांऐवजी आईच्या रक्तप्रवाहाची सूंसूं ऐकू येते. अशा वेळी आईच्या मनगटाची नाडी धरून मोजावे. दोन्ही आकडे जुळले तर ते ठोके बाळाचे नव्हेत. डॉप्लर कुशीकडे सरकवून 110 ते 160 च्या दरम्यानचे ठोके शोधावेत. समोरच्या वारेमुळे बाळाची पाठ आईच्या पाठीकडे राहते असे म्हणतात, पण अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. शिवाय कळा सुरू होताना तसे असलेले बहुतेक बाळ प्रसूतीत आपोआप वळते. जन्मतानाही तसेच असणारी बाळे एकूण 100 जन्मांत सुमारे 5. ओणवे राहून फरशी पुसण्याचा सल्ला सर्रास मिळतो. त्याने कंबरदुखी हलकी होते, जन्माच्या वेळची स्थिती बदलल्याचे चाचण्यांत दिसलेले नाही.

माथ्याच्या कोपऱ्यातली वार मात्र जागा अडवते. एरवी बाळाचे कुल्ले आणि पाय वरच्या रुंद भागात मावतात, डोके खालच्या निमुळत्या भागात बसते. वरची जागा वारेने घेतली की डोके वर राहण्याची शक्यता वाढते. पूर्ण दिवसांत 100 पैकी 3-4 बाळे अशी उलटी असतात. विहिरीचे पाणी दाखवायला पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला, माणूस नेतात. प्रत्यक्षात उलट्या बाळांपैकी बहुतेकांचे पाय नव्हे, कुल्ले आधी येतात. पाय आधी आले तर नाळ खाली सरकण्याचा धोका जास्त. साधारण 36-37 व्या आठवड्यात डॉक्टर बाहेरून पोटावर दाब देऊन बाळ फिरवून पाहतात. वार समोर असेल तर हे कठीण जाते, खाली असेल तर करतच नाहीत. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असल्यास फिरवल्यापासून 72 तासांत अँटी-डी इंजेक्शन लागते. वैजिणीकडून (सुइणीकडून) घरी पोट चोळून बाळ फिरवणे धोक्याचे: वार सुटू शकते.

खरी जोखीम खालच्या वारेची. कड गर्भाशयमुखापासून 2 सेंमीच्या आत असेल तर ‘लो लाइंग’, मुखावर आली तर ‘प्रिव्हिया’. 20 व्या आठवड्यात खाली दिसलेली वार 10 पैकी सुमारे 9 वेळा पुढे वर गेलेली आढळते; ती चालत जात नाही, गर्भाशयाचा खालचा भाग वाढतो. म्हणून 32 व्या आठवड्यात फेरतपासणी, योनीमार्गे केलेली अधिक अचूक. वार खालीच राहिली तर डोके बहुधा कमरेच्या हाडांत उतरत नाही, बाळ आडवे किंवा तिरके राहू शकते. शेवटच्या महिन्यात डोके तरंगत असेल तर आधी वार कुठे आहे ते पाहावे. न दुखता लालभडक रक्त गेले तर आतून बोटाने तपासणी करू नये. बोटानेच वार सुटून रक्तस्राव उसळतो. आधीचे सिझेरियन आणि समोर खाली वार असा मेळ असेल तर ती व्रणात रुतलेली असू शकते.

कोकणात अडचण रक्ताची आणि रस्त्याची. देवगड-राजापूरकडच्या खेड्यांतून रक्तपेढीचे रुग्णालय लांब, आषाढ-श्रावणात घाटात दरड कोसळली की कोल्हापूरची वाट बंद. सिंधुदुर्गातले अनेक रुग्ण गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेतात. प्रिव्हियाच्या बाईला 34 व्या आठवड्यापासून रुग्णालयाजवळच्या नातलगांकडे ठेवावे, तिच्या रक्तगटाच्या दात्यांची नावे काढून ठेवावीत आणि रक्त दिसताच कळांची वाट न पाहता 108 बोलवावी. रक्तस्राव न झाल्यास सिझेरियन साधारणतः 36-37 आठवड्यांना ठरवतात.