सापेक्ष एकके (अक्षर-आकाराची)

वेबपानावरील मजकुराचा आकार पिक्सेलमध्ये पक्का न करता दुसऱ्या एखाद्या आकाराच्या पटीत सांगणारी, सीएसएस या वेबपानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेतील एकके. एम, रेम आणि टक्के ही त्यांपैकी नेहमीची.

बहुतेक ब्राउझरांचा मूळ अक्षर-आकार १६ पिक्सेल असतो. १ रेम म्हणजे हाच मूळ आकार, म्हणून पिक्सेलचे रेम करण्याचा हिशेब सोपा: हव्या त्या आकाराला १६ ने भागायचे. २४ पिक्सेल म्हणजे १.५ रेम, १४ म्हणजे ०.८७५. घोळ होतो तो यापुढे.

रावेर तालुक्यातला केळी उत्पादक बागेत उभा राहून, भर उन्हात मोबाइलवर भाव बघतो. अक्षर बारीक दिसते म्हणून एखाद्याने ब्राउझरचा मूळ आकार २० करून ठेवला, तर १ रेमचा मजकूर २० पिक्सेलचा होतो. १६ पिक्सेलचा म्हणून लिहिलेला जागचा हलत नाही. झूम केल्यावर आताचे ब्राउझर पिक्सेलही वाढवतात, त्यामुळे हा फरक पुष्कळ डिझायनरांच्या ध्यानातच येत नाही. २००८ च्या डब्ल्यूसीएजी २.० या सुगम्यता निकषांनुसार मजकूर २०० टक्क्यांपर्यंत वाढवता यावा आणि तसे करताना पानावरचे काही हरवू नये.

अक्षर-आकारासाठी वापरलेला एम पालक घटकावरून, म्हणजे पानाचा तो भाग ज्याच्या आत बसतो त्याच्या आकारावरून ठरतो, म्हणून तो साखळीने घटत किंवा वाढत जातो. यादीतल्या प्रत्येक नोंदीला ०.८ एम दिला आणि जळगाव, त्यात रावेर, त्यात सावदा अशी यादी रचली, तर जळगाव १२.८, रावेर १०.२४ आणि सावदा जेमतेम ८.१९ पिक्सेलचा उरतो. रेम थेट एचटीएमएल या, सगळे पान पोटात घेणाऱ्या मूळ घटकाकडे बघतो, त्यामुळे ही घसरण होत नाही. बटणाच्या आतल्या मोकळ्या जागेला मात्र एमच बरा. अक्षर वाढले की बटणही वाढते.

या मूळ घटकाला ६२.५ टक्के अक्षर-आकार देऊन १ रेम १० पिक्सेलचा करण्याची युक्ती जुनी आहे. आकडेमोड वाचते, पण मुख्य मजकुराला १.६ रेम द्यायला विसरले की सगळे पान बारीक होते. त्याहून वाईट म्हणजे मुळालाच थेट १० पिक्सेल लिहिणे: वाचकाची सेटिंग तिथेच निकामी होते आणि पुढचे सगळे रेम नावापुरते राहतात.

देवनागरीत ओळींची उंचीही बदलावी लागते. ती २० पिक्सेलवर अडकवून अक्षर वाढवले, की ‘धुळे’चा उकार खालच्या ओळीतल्या ‘नंदुरबार’च्या अनुस्वारावर आदळतो. १.६ किंवा १.७ असा एककाविना आकडा दिला, की उंची अक्षराबरोबर वाढते. तक्त्याच्या रेघा १ पिक्सेलच्या ठेवायला हरकत नाही. त्या कोणी वाचत नाही.