बारावीनंतरचा प्रवेश : कोल्हापूर जिल्ह्यातील पालकांनी कोणते दाखले कधी काढावेत

बारावीचा निकाल साधारणतः मे महिन्यात लागतो आणि त्यानंतर जिल्ह्यातील बाराही तालुक्यांच्या सेतू केंद्रांपुढे उत्पन्न, अधिवास, नॉन-क्रीमीलेअर (मागास प्रवर्गातील कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला) अशा दाखल्यांसाठी एकाच वेळी गर्दी उसळते. यांपैकी मुदतीचे दोन-तीन दाखले सोडले, तर बाकीची सर्व कागदपत्रे विद्यार्थी अकरावीत असतानाच काढून ठेवता येतात. प्रवेश अडतो तो बहुधा गुणांमुळे नव्हे, तर उशिरा हाती घेतलेल्या एखाद्या कागदामुळे.

सुरुवात शाळा सोडल्याच्या दाखल्यापासून करावी. त्यावरील जन्मस्थान, जन्मतारीख, जात व पोटजात, तसेच आईचे नाव नीट वाचावे. अभियांत्रिकीच्या राज्यस्तरीय प्रवेशात ‘अ’ प्रकारचा महाराष्ट्रीय उमेदवार ठरण्यासाठी दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातून उत्तीर्ण झालेल्या असाव्या लागतात आणि त्याशिवाय जन्म महाराष्ट्रात झालेला असावा किंवा अधिवास महाराष्ट्राचा असावा लागतो. ज्याच्या दाखल्यावर जन्मस्थान कोल्हापूर किंवा इचलकरंजी असते, त्याचे काम तेवढ्यावर भागते. परंतु पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपल्याकडील रीत आणि सीमेलगतच्या सोयरिकी लक्षात घेता, कागल, गडहिंग्लज किंवा चंदगड तालुक्यातील कितीतरी मुलांचे जन्मस्थान निपाणी, चिकोडी किंवा बेळगाव असते. अशा विद्यार्थ्याने सगळे शिक्षण आपल्याच गावात घेतलेले असले, तरी त्याला तहसील कार्यालयाचे वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र काढावेच लागते. वैद्यकीय प्रवेश घ्यायचा असेल, तर जन्म कोठेही झालेला असो, हे प्रमाणपत्र हवेच. त्यासाठी महाराष्ट्रातील किमान १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो, आणि तो पुरावा म्हणून शाळेचे दाखले, शिधापत्रिका, वीजबिले किंवा घरफाळ्याच्या पावत्या उपयोगी पडतात. कर्नाटकाच्या ताब्यातील वादग्रस्त सीमाभागात राहून तेथूनच दहावी-बारावी झालेल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी मात्र राज्याच्या प्रवेश नियमांत स्वतंत्र प्रकार असून, त्याची प्रमाणपत्रे ठरलेल्या नमुन्यातच सादर करावी लागतात.

दाखल्यावर चूक आढळल्यास ती विद्यार्थी शाळेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात असतानाच दुरुस्त करून घ्यावी, कारण नाव पटावरून कमी झाल्यानंतर जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या मूळ नोंदवहीत, बदल करणे फार अवघड होते. मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते आणि आधार कार्डावर बहुधा शेवटी. हा क्रमाचा फरक तितकासा बाधक नाही, पण स्पेलिंगमधील फरक शिष्यवृत्तीच्या वेळी हमखास नडतो.

सर्वाधिक वेळ लागतो तो जात पडताळणीला. जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो, पण राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा असेल, तर त्या दाखल्याची वैधता, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘व्हॅलिडिटी’, जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडून घ्यावी लागते. या समितीचे कार्यालय कोल्हापुरात विचारे माळ येथील सामाजिक न्याय भवनात आहे. अर्ज ऑनलाइन भरून त्याची छापील प्रत महाविद्यालयाच्या शिफारशीसह समितीकडे दिली जाते, म्हणूनच अकरावीचा प्रवेश झाला की महाविद्यालयाच्या कार्यालयात या अर्जाची चौकशी करावी. पुराव्यांच्या बाबतीत प्रवर्गानुसार जुनी तारीख ठरलेली आहे : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास व विशेष मागास प्रवर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखेपूर्वीचा जातीचा व वास्तव्याचा पुरावा वडील, चुलते, आजोबा किंवा पणजोबा यांच्या नावे शोधावा लागतो. आजोबांच्या प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा आणि गावच्या जन्म-मृत्यू नोंदी येथून शोध सुरू करावा. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, त्यामुळे त्याआधीच्या नोंदी संस्थानी दप्तरातल्या आणि पुष्कळदा मोडी लिपीतल्या असतात. त्यांचे जाणकाराकडून देवनागरी लिप्यंतर करून घेण्यासही दिवस लागतात. वडिलांकडील सख्ख्या नात्यात कोणाला आधीच वैधता मिळालेली असेल, तर तिची प्रत आणि वंशावळीचे प्रतिज्ञापत्र जोडल्याने काम बरेच सोपे होते. (ज्या संस्थानात २६ जुलै १९०२ रोजी मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला, तेथील कुटुंबाची राखीव जागा केवळ एका जुन्या उताऱ्यावाचून हुकावी, हे पाहून वाईट वाटते.)

विमुक्त, भटके, इतर मागास, विशेष मागास आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास या प्रवर्गांना वैधतेबरोबर नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्रही लागते. अनुसूचित जाती-जमातींना ते लागत नाही. ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घ्यायचा, त्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत, म्हणजे २०२६-२७ च्या प्रवेशासाठी ३१ मार्च २०२७ पर्यंत, ते वैध असले पाहिजे. ही तारीख न पाहता जुनेच प्रमाणपत्र अपलोड करणारे पालक दरवर्षी भेटतात. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा, म्हणजे ईडब्ल्यूएसचा, दाखला हा वार्षिक ८ लाख रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या व कोणत्याही जातीय आरक्षणात न बसणाऱ्या कुटुंबासाठी असतो. मराठा समाजाला २०२४ च्या कायद्याने स्वतंत्र १० टक्के आरक्षण मिळाल्यापासून राज्याच्या प्रवेशात तो समाज या घटकात मोडत नाही. नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या अखिल भारतीय जागा किंवा आयआयटी, एनआयटी यांसाठी केंद्राच्या नमुन्यातील वेगळा दाखला लागतो, आणि राज्याच्या यादीतील प्रत्येक इतर मागास जात केंद्राच्या यादीत असतेच असे नाही.

अभ्यासक्रमानुसार वाट बदलते. अभियांत्रिकी व औषधनिर्माणशास्त्रासाठी राज्य सीईटी कक्षाची एमएचटी-सीईटी ही प्रवेश परीक्षा असते. तिच्यात अकरावीच्या अभ्यासक्रमाला सुमारे २० टक्के आणि बारावीच्या अभ्यासक्रमाला ८० टक्के भार असतो आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. अभियांत्रिकीसाठी बारावीत संबंधित विषयांत खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के व राखीव प्रवर्गाला ४० टक्के गुण लागतात. वैद्यकीय शाखेसाठी नीट अनिवार्य असून प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. बीबीए व बीसीए यांना महाविद्यालयात जाऊन थेट प्रवेश मिळतो, ही समजूत आता सोडून द्यावी, कारण २०२४-२५ पासून त्यांनाही सीईटी लागू झाली आहे आणि तिची नोंदणी बारावीच्या निकालाच्या बरीच आधी होते. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतील बी.ए., बी.कॉम. आणि बी.एस्सी. यांचे प्रवेश महाविद्यालय स्तरावर गुणवत्तेनुसार होतात.

सीईटीचा निकाल लागल्यानंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची नोंदणी वेगळी करावी लागते, आणि सीईटीचा अर्ज भरला होता म्हणून प्रवेशाचा अर्जही झाला असे समजणारे विद्यार्थी येथेच मागे राहतात. कागदपत्रांची छाननी, तात्पुरती गुणवत्ता यादी, हरकती, अंतिम यादी, पसंतीक्रम आणि जागावाटप असे तिचे टप्पे आहेत. तात्पुरती यादी लागताच त्यात आपला प्रवर्ग बरोबर आला आहे का, हे त्याच दिवशी पाहावे, कारण हरकतीची मुदत थोडीच असते. पसंतीक्रम भरताना पहिले महाविद्यालय विचारपूर्वक लिहावे. २०२५-२६ मध्ये पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळालेल्या विद्यार्थ्याला ती स्वीकारणे बंधनकारक होते. वैधतेच्या अर्जाची पावती दाखवून तात्पुरता लाभ मिळत असला, तरी दिलेल्या मुदतीत मूळ प्रमाणपत्र न आल्यास उमेदवार खुल्या प्रवर्गात धरला जातो.

फीची तजवीज प्रवेशानंतर महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरील अर्जाने करावी लागते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, कौटुंबिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतूनच झालेला हवा. संस्थास्तरावरील किंवा व्यवस्थापन कोट्यातील जागेला ही सवलत मिळत नाही. अनुसूचित जातींच्या भारत सरकार शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये आहे. या सर्वांसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. लोकसेवा हक्क कायद्याखाली त्याची मुदत १५ दिवसांची आहे, पण तलाठ्याचा चौकशी अहवाल आधी घ्यावा लागत असल्याने जूनची वाट न पाहता नवे आर्थिक वर्ष सुरू होताच एप्रिलमध्ये अर्ज करावा. शिष्यवृत्तीची रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यातच जमा होते, तेव्हा विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचे खाते आधारशी जोडले गेले आहे याची बँकेत खात्री करून घ्यावी आणि अर्जाचे नूतनीकरण दरवर्षी न चुकता करावे.